कूमच्या डोक्यावरचा बाण

जून महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी तिहोमिर हातात कागदांचा गठ्ठा घेऊन बहिणीच्या स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "हे फक्त तुम्हालाच जमेल." तेव्हा चेदोमिरने आधी मागे वळून पाहिलं. मागे फ्रिज होता.

"तुम्हालाच म्हणतोय, दाजी," तिहोमिर म्हणाला.

चेदोमिर गावच्या वाचनालयातून निवृत्त झाला त्याला सहा वर्षं झाली होती. लोक त्याला मास्तर म्हणत. त्याने आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण दक्षिण सर्बियातल्या त्या लहान गावात पुस्तकांशी संबंध असलेल्या माणसाला दुसरं काय म्हणायचं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. व्यवहारातलं काही त्याला विचारायची पद्धत नव्हती. घरातला नळ गळायला लागला की त्याची बायको पर्सिदा त्याला सांगे, "तुम्ही जरा बाहेर फिरून या." मग ती नळ दुरुस्त करून घेई.

मेव्हण्याचा ठेला बस थांब्याजवळ, लिंडेनच्या मोठ्या झाडाखाली होता. ठेला म्हणजे एक लोखंडी खोली, पुढे खिडकी, मागे बीच झाडाच्या लाकडी कोळशांची शेगडी. तिथे प्लेस्कावित्सा मिळे. खिमा हाताने मळून, थापून, तळहातापेक्षा मोठी चकती निखाऱ्यांवर भाजायची आणि गरम पावात कांदा घालून द्यायची, एवढाच तो धंदा. तिहोमिर खिडकीत उभा राही. त्याची बायको देसांका कांदा चिरी, पाव फाडी आणि गल्ला सांभाळी. शेगडीवर ग्वोझ्देन असे. एकोणीस वर्षं हे असं चाललं होतं, आणि कसं चाललं आहे हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. तो आता नगरपालिकेला पडला होता.

नवा नियम आला होता. झटपट खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येक व्यवसायाने परवान्याच्या अर्जासोबत परिशिष्ट तीन भरायचं. परिशिष्ट तीनचं नाव होतं 'संघटनात्मक रचना व कार्यक्षेत्रे.' चाळीस शाखा असलेल्या कंपनीलाही हेच परिशिष्ट आणि झाडाखालच्या ठेल्यालाही हेच. जुलैच्या बारा तारखेला, संत पेत्राच्या सणाला, जुना परवाना संपत होता. तोवर परिशिष्ट मंजूर झालं नाही तर झाडाखालची जागा जाणार होती, आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाने त्या जागेसाठी आधीच अर्ज करून ठेवला होता. तो रोज संध्याकाळी येऊन पावलांनी जागा मोजून जाई. वर एक प्लेस्कावित्साही खाई, हे तिहोमिरला जास्त लागलं होतं.

"सात कार्यक्षेत्रं आहेत," चेदोमिर चष्मा लावून वाचू लागला. "खरेदी, उत्पादन, विक्री, प्रसिद्धी, मनुष्यबळ, वित्त, गुणवत्ता नियंत्रण. प्रत्येकाला एक प्रमुख. एका व्यक्तीकडे दोनांहून अधिक कार्यक्षेत्रं असू नयेत. उत्पादन करणाऱ्याने स्वतःच्या मालाची गुणवत्ता तपासू नये."

"आम्ही तिघं आहोत, दाजी."

"प्रत्येक प्रमुख कुणाला उत्तरदायी आहे ते बाणाने दाखवावे."

"बाणाने?"

"बाणाने."

तिहोमिर थोडा वेळ बाणाचा विचार करत बसला आणि मग निघून गेला. जाताना पर्सिदाला दारात हळूच म्हणाला, "अक्का, जमेल ना त्यांना?"

"कागदच आहे," पर्सिदा म्हणाली. "कागदाला पाणी गळत नाही."

चेदोमिरला हे आतून ऐकू आलं. त्याने मनाशी ठरवलं की हे काम आपण असं करायचं, की नगरपालिकेत ते पुढच्या लोकांना नमुना म्हणून दाखवतील.

वाचनालयात त्याने स्वतः कधीकाळी नोंदवलेलं एक जाड पुस्तक होतं, उद्योगांच्या रचनेवरचं. ते ज्या काळात छापलं गेलं त्या काळात उद्योग म्हणजे किमान चार हजार माणसं असा समज असावा. पुस्तकात एका ट्रॅक्टर कारखान्याची रचना दोन पानांवर पसरून दिली होती. चेदोमिरने तीच समोर ठेवली आणि ठेल्याला बेतून घेतली. अग्निशमन दल काढून टाकलं. कामगारांच्या मुलांसाठीचं समुद्रकाठचं सुट्टीचं शिबिरही काढून टाकलं, पण ते काढताना त्याला वाईट वाटलं, आणि तो एक दिवस थांबला.

माणसांचा प्रश्न राहिला. तिहोमिर संचालक आणि विक्री. देसांकाकडे खरेदी आणि वित्त. ग्वोझ्देन उत्पादन. मनुष्यबळ विभाग पर्सिदाला द्यायचं ठरलं, कारण गावातला प्रत्येक माणूस काय करतो आणि त्याने ते का करू नये हे तिला आधीच माहीत होतं. गुणवत्ता नियंत्रण झिवोताला. झिवोता रेल्वेतून निवृत्त होऊन ठेल्यासमोरच्या बाकावर बसला होता तो अजून उठला नव्हता. दहा वाजल्यापासून जेवणाच्या वेळेपर्यंत तो येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीत खोट काढी, बससकट. एवढी तयारी असलेला माणूस दुसरीकडे शोधून मिळाला नसता.

प्रसिद्धी उरली. चेदोमिरने दोन दिवस विचार केला, मग त्या चौकटीत सर्वांत बारीक अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं.

सगळ्या चौकटी पट्टीने आखल्या. वर तिहोमिर, खाली एका ओळीत बाकीचे. तिहोमिरकडून प्रत्येकाकडे एकेक बाण. बाणांची टोकं त्याने काळ्या शाईने भरली. त्याला वाटलं, आपण आजवर केलेल्या गोष्टींमध्ये इतकं सुबक काहीच नव्हतं.

खिडकी क्रमांक सहावर झागोर्काबाई बसत. त्यांनी कागद उभा धरला, आडवा धरला.

"पट्टी वापरलीत?"

"हो," चेदोमिर म्हणाला.

"दिसतंय. लोक हातानं काढतात, मग बाण कुठं चाललाय तेच कळत नाही." त्यांनी कागद परत सरकवला. "पण ही झाली रचना. कार्यक्षेत्रं कार्यरत असल्याचा पुरावा कुठाय?"

"पुरावा म्हणजे?"

"दोन आठवड्यांच्या नोंदी. प्रत्येक विभागाची वही. आणि ही रचना ठेल्याच्या दर्शनी भागावर लावायची. पुढच्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी तपासनीस येतील. विभाग चालताना दिसला पाहिजे. पुढचा!"

पुढचा आला, आणि चेदोमिर पायऱ्या उतरून सहा वह्या घ्यायला गेला. स्वतःची सातवी त्याच्याकडे होती.

इथवर जे झालं त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं, हे नोंदवून ठेवायला हवं. बिघडलं ते विभाग चालू झाल्यावर.

देसांकाने खरेदीची वही उघडली आणि पहिल्याच दिवशी त्यात एक नियम लिहिला. ग्वोझ्देन एकोणीस वर्षं शेगडीवरून मान न वळवता "कांदा!" म्हणत आला होता. त्या दिवशीही म्हणाला.

"तोंडी मागणी चालत नाही," देसांका म्हणाली.

"काय?"

"लेखी द्या. किती, कशासाठी, केव्हापर्यंत. दाजींनी वही दिलीय, पुरावा लागतो."

खिडकीबाहेर सात माणसं उभी होती. ग्वोझ्देनने चिमटा उचलला. मग त्याने त्या सातही जणांना कांद्याविना प्लेस्कावित्सा दिली. त्यांतला एक म्हातारा शेतकरी पावात डोकावून म्हणाला, "कुणी वारलं का?"

शेवटी कांद्याच्या मागण्या चेदोमिरने लिहायच्या असं ठरलं. तो सकाळी येऊन त्या दिवसाच्या सगळ्या मागण्या सुवाच्य अक्षरात लिहून ठेवी.

झिवोताचं काम फारच चांगलं चाललं. तो बाकावरून उठला, हे पाहायला समोरच्या औषधाच्या दुकानातले लोक बाहेर आले. तो ताटलीतली प्लेस्कावित्सा घेई, अर्धी खाई आणि उरलेली खिडकीतून परत देई.

"मीठ कमी," तो म्हणे.

"अर्धी खाल्लीस की!" तिहोमिर म्हणे.

"अर्ध्यापर्यंत मला वाटलं, पुढं येईल."

वहीत त्याने पहिल्या चार दिवसांत एकोणतीस नमुने नापास केले. अडचण अशी झाली की गिऱ्हाइकं आता घेण्याआधी त्याच्याकडे बघू लागली. तो मान हलवी आणि माणूस समोरच्या बेकरीत जाई.

पर्सिदाने मनुष्यबळाचं काम घरून चालवलं. तिने प्रत्येकाचं मूल्यमापन करायचं ठरवलं आणि सुरुवात भावापासून केली. तिहोमिर एका दुपारी तिच्या स्वयंपाकघरात दीड तास बसून आला. बाहेर पडला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता.

"काय विचारलं?" चेदोमिरने विचारलं.

"पाचवीत गणितात का नापास झालो ते."

"मग?"

"लिहून घेतलं."

आणि प्रसिद्धी. चेदोमिरने दोन रात्री झोप खर्ची घालून एक वाक्य तयार केलं होतं, ते पाटीवर रंगवून आणलं. तिहोमिरने ते मोठ्याने वाचलं: "'येथील प्लेस्कावित्सा बहुधा चांगली असते.'" मग पाटीकडे आणि चेदोमिरकडे आळीपाळीने पाहिलं. "दाजी, बहुधा कशाला?"

"मी सगळ्या खाल्लेल्या नाहीत," चेदोमिर म्हणाला.

झिवोता बाकावरून म्हणाला, "मी खाल्ल्यात. 'बहुधा' पण जास्त होतंय."

पाटी लागली. 'बहुधा' शब्दावर देसांकाने तेल कंपनीच्या कॅलेंडरची एक पट्टी चिकटवली.

हे सगळं चालून गेलं असतं. ठेल्याची रचना मात्र अजून दर्शनी भागावर लागली नव्हती, कारण चेदोमिरला तिच्यासाठी काचेची चौकट हवी होती आणि चौकट करणारा माणूस लग्नाला गेला होता. चौकट सोमवारी मिळाली. तपासनीस गुरुवारी येणार होते, सण शुक्रवारी. चेदोमिरने रचना खिडकीशेजारी टांगली, दोन पावलं मागे जाऊन पाहिली, डावीकडून थोडी वर केली.

ग्वोझ्देन हात पुसत बाहेर आला. त्याने खिशातून चष्मा काढला. तो चष्मा त्याने ठेल्यावर कधी घातला नव्हता, कारण निखारे पाहायला तो लागत नाही. तिहोमिरच्या चौकटीवर त्याने आपलं जाडजूड बोट ठेवलं आणि ते बाणावरून हळूहळू खाली आणलं.

"हे काय आहे, मास्तर?"

"बाण."

"कुठून निघालाय?"

"तिहोमिरकडून."

"आणि कुठं घुसलाय?"

चेदोमिरने बाणाचं टोक पाहिलं.

"माझ्या टाळक्यात," ग्वोझ्देन म्हणाला. त्याने एप्रन काढला, त्याची नीट चौकोनी घडी घातली, ती खिडकीच्या कडेवर ठेवली आणि तो घरी गेला. आवाज चढवला नाही. दाराला धक्का मारला नाही. चेदोमिर घाबरला तो त्यामुळेच.

कारण ग्वोझ्देन हा तिहोमिरचा कूम होता, आणि या नात्यात दोघंही एकमेकांचे कूमच. तिहोमिर आणि देसांकाच्या लग्नात वेदीसमोर त्यांच्या मागे मेणबत्ती धरून तोच उभा होता. त्यांच्या दोन्ही मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यावर धरलं ते त्याने, त्यांची नावं ठेवली ती त्याने, आणि ती आईबापांनी आपली पसंती न सांगता मान्य केली होती. कूम घरात आला की उठून उभं राहतात. पहिला पेला त्याला, टेबलाची वरची बाजू त्याची. सख्ख्या भावाशी भांडण होतं, शेतावरून कोर्टात जाता येतं. कूमशी भांडलेला माणूस गावात लोकांच्या नजरेला नजर देत नाही.

आणि म्हणूनच ठेल्यावर ग्वोझ्देन एकोणीस वर्षं 'कामाला' नव्हता. तो मदत करत होता. सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत, रविवार सोडून. तिहोमिरने त्याला आजवर एकही काम सांगितलं नव्हतं. तो झाडाकडे बघून म्हणे, "आज नीशच्या दोन बसेस जादा आहेत म्हणे," आणि ग्वोझ्देन आपल्या मनाने चाळीस चकत्या जास्त थापी. महिनाअखेरीला देसांका त्याच्या घरी कॉफी प्यायला जाई आणि साखरेच्या डब्याखाली पाकीट विसरून येई. असा तो सगळा कारभार होता. तो चालत होता, कारण तो कुणी कुठे काढून दाखवला नव्हता. चेदोमिरने तो पट्टीने काढला आणि काचेत बसवला.

मंगळवारी शेगडी पेटली नाही. तिहोमिर बाकावर झिवोताशेजारी बसला होता.

"माफी माग जा की," झिवोता म्हणाला.

"मी कशाची मागू? मी बाण काढला का?"

"तुझ्याकडून निघालाय."

"मला विचारून निघाला का?"

मोबाइल कव्हरवाला संध्याकाळी आला आणि या वेळी त्याने पावलांऐवजी फीत आणली होती. तिहोमिर ते बघत राहिला. त्याने फितीचं दुसरं टोकसुद्धा धरलं, कारण तो माणूस एकटाच होता. ते दृश्य पाहून चेदोमिर घरी आला आणि टोपी न काढता खुर्चीत बसला.

"त्याचा ठेला माझ्यामुळे गेला," तो म्हणाला.

"गेला नाही अजून," पर्सिदा म्हणाली. "तुम्ही काढलात, तुम्हीच जा. आणि ही बाटली न्या. हातात नीट धरा, बगलेत नको. बगलेत धरली की विकायला आल्यासारखं दिसतं."

ग्वोझ्देनने दार उघडलं. "या, या. आपण आलात, फार बरं वाटलं," तो म्हणाला, आणि त्या 'आपण'ने चेदोमिरचा उरलासुरला धीर गेला. ग्वोझ्देन त्याला इतकी वर्षं 'मास्तर, सरक बाजूला' असं म्हणत आला होता.

कॉफी झाली. बटाट्यांवर यंदा पडलेल्या किडीवर बोलून झालं. पेले दोनदा भरून झाले. मग चेदोमिर म्हणाला, "मी तुम्हाला तिहोमिरच्या वर काढतो."

"वर? म्हणजे मी मालक? माझ्या मुलांच्या बापाच्या पोटावर बसू?" आपण नावं ठेवलेल्या मुलांना तो आपलीच मुलं म्हणत असे.

"मग त्याच्या बाजूला."

"बाजूला काय? सोयरा आहे का मी?"

"मग बाण पुसतो. नुसती चौकट."

"हवेत लटकत?"

चेदोमिरने पेल्यात पाहिलं. पेल्यातही काही सुचवण्यासारखं नव्हतं.

"हे बघा मास्तर," ग्वोझ्देन म्हणाला, आणि 'मास्तर' ऐकून चेदोमिरला थोडं बरं वाटलं. "मला त्या पोराचा राग नाही. तुमचाही नाही. पण उद्या बसमधून उतरणारा कुणीही माणूस ती काच वाचणार. काय म्हणेल? ग्वोझ्देन कूमच्या हाताखाली नोकरी करतो. नाही, कूम त्याला हाताखाली ठेवतो! मी तर गेलोच, तोही गेला. माझ्याकडे बाण यायचा नाही आणि माझ्याकडून कुणाकडे जायचा नाही. असं कागदावर घाला, मी सकाळी सातला येतो."

"असं कागदावर घालता येतं का, मला माहीत नाही," चेदोमिर म्हणाला. हे तो आयुष्यभर म्हणत आला होता, पण या वेळी म्हणताना उठून उभा राहिला होता.

बुधवारी सकाळी झागोर्काबाईंनी नवा कागद उभा धरला.

"या चौकटीला बाण नाही."

"नाही."

"हा माणूस कुणाला उत्तर देतो?"

"कुणालाच नाही," चेदोमिर म्हणाला. "तो कूम आहे."

झागोर्काबाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणाचा?"

"संचालकाचा. लग्नातला. आणि दोन्ही मुलांचा."

"आणि आधीच्या कागदात तुम्ही त्याला खाली काढला होता?"

"हो."

"बाणानं?"

"पट्टी लावून."

बाई खुर्ची मागे सरकवून उठल्या आणि त्यांनी खिडकी क्रमांक पाच आणि सात दोन्ही बोलावल्या. तिघी काचेपलीकडून चेदोमिरकडे पाहत राहिल्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता. चर्चमध्ये टोपी घालून शिरलेल्या माणसाकडे असं पाहतात.

"आणि मी तो कागद नजरेखालून घातला!" झागोर्काबाई पाचवीला म्हणाल्या. "माझा कूम ऐकेल तर काय म्हणेल?"

"तू कुठं काढलास? यांनी काढला," पाचवी म्हणाली. "पण बाण तर हवाच. बाणाशिवाय यंत्र कागद घेत नाही."

तिघींनी परिशिष्ट तीन पहिल्यापासून वाचलं. बाहेर रांग वाढली. कुणीतरी मागून ओरडलं, "काय चाललंय तिथं?" त्याला पुढच्याने सांगितलं, "कूमचं आहे," आणि तो गप्प बसला. अखेर सातवीला पान चारवर, सगळ्यांत वरच्या कडेला, एक पट्टा सापडला. 'बाह्य पर्यवेक्षण.' त्यात छापील अक्षरात दोन नोंदी होत्या: आरोग्य मंत्रालय, पशुवैद्यक खातं. तिसरी ओळ कोरी होती, 'इतर.' त्या पट्ट्याला येणारा जाणारा कोणताच बाण नव्हता.

झागोर्काबाईंनी स्वतःच्या पेनने त्या कोऱ्या ओळीत लिहिलं: कूम.

"आता कुणी काही बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "पण पर्यवेक्षकाला आतलं काम करता येत नाही. चिमट्याला हात लावायचा नाही. उत्पादन कोण बघणार?"

"तोच."

"तो कसा? तो मंत्रालयाशेजारी बसलाय." त्यांनी बोट फिरवलं. "संचालकपद धरून संचालकाकडे दोन झाली. बाईकडे दोन झाली. गुणवत्तावाल्याला उत्पादन चालत नाही. मनुष्यबळ कोण? पर्सिदा? तिला मी ओळखते, ती शेगडीला नापास करेल. प्रसिद्धी. प्रसिद्धीवाल्याकडे एकच विभाग आहे."

चेदोमिरने मागे वळून पाहावं म्हटलं, पण मागे रांग होती आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

गुरुवारी सकाळी सातला ग्वोझ्देन ठेल्यावर आला, काचेतल्या नव्या कागदापुढे उभा राहिला, मंत्रालयाखालची ओळ वाचली आणि काही न बोलता आत जाऊन त्याने खिमा तपासला. खिमा त्याने आदल्या दिवशी आपल्या घरी मळून ठेवला होता, म्हणजे तो नियमात बसत होता की नाही हे कुणी विचारलं नाही. मग त्याने एप्रनची घडी मोडली आणि एप्रन चेदोमिरच्या गळ्यात बांधला.

तपासनीस साडेदहाला आले. बारीक, उंच, फाइल छातीशी धरलेले. ते प्रत्येक विभागासमोर उभे राहून खूण करत गेले. देसांकाने कांद्याच्या सत्तर लेखी मागण्या दाखवल्या. त्यांनी त्यातल्या अक्षराचं कौतुक केलं. पर्सिदाने भावाचं मूल्यमापन दाखवलं. ते वाचताना तपासनीसांनी एकदा तिहोमिरकडे पाहिलं आणि पान उलटलं.

"उत्पादन," ते म्हणाले.

चेदोमिर शेगडीमागे उभा होता. धुराने त्याच्या चष्म्यावर साय धरल्यासारखं झालं होतं. मागे दोन पावलांवर ग्वोझ्देन हात पाठीशी बांधून उभा होता, कारण बाह्य पर्यवेक्षणाला चिमट्याला हात लावायचा नव्हता.

"थाप," ग्वोझ्देन तोंडातल्या तोंडात म्हणाला. "पातळ. पातळ म्हणजे भोक नव्हे. ठेव आता."

चेदोमिरने ठेवली. अर्धी जाळीवर बसली, अर्धी जाळीवर बसायच्या विचारात राहिली.

"उलट."

"आत्ता?"

"मघाशी."

चेदोमिरने उलटली. तिचे दोन तुकडे झाले. त्याने ते चिमट्याने जवळ आणले आणि एखाद्या फाटलेल्या पानाला जोडावं तसे दाबून धरले. दरम्यान त्याच्या बाहीने पेट घेतला. फार नाही. बाह्य पर्यवेक्षणाने फुंकर मारून ती विझवली, आणि फुंकर मारणं म्हणजे चिमट्याला हात लावणं नव्हे, हे तपासनीसांनाही मान्य असावं, कारण त्यांनी काही लिहिलं नाही.

ताटली आधी झिवोताकडे गेली. झिवोताने खाल्लं. या वेळी त्याला अर्ध्यापर्यंत जावं लागलं नाही.

"नापास," तो म्हणाला. "कडेला कोळसा, मध्ये गुलाबी. एकोणीस वर्षांत या खिडकीतून असलं काही आलेलं नाही."

तिहोमिरने डोळे मिटले. चेदोमिर चिमटा धरून उभा राहिला. गेला ठेला, त्याच्या मनात आलं, आणि गेला तो माझ्या हातून, चिमट्यासकट.

तपासनीसांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "गुणवत्ता नियंत्रण: स्वतंत्र, निर्भीड, कार्यरत." त्यांनी खूण केली. "आता मला नमुना द्या."

"दुसरा करू का?" चेदोमिरने विचारलं.

"नमुना बदलता येत नाही."

त्यांनी तो तिथेच उभ्याने खाल्ला. फार वेळ चावला. एकदा थांबून झाडाच्या फांद्यांकडे पाहिलं, परत चावला, गिळला, रुमालाने ओठ पुसले आणि शेवटच्या चौकटीत खूण करून सही केली. मग खाली शिक्का मारला, परवाना तिहोमिरच्या हातात दिला, छातीवरचा बिल्ला काढून खिशात टाकला आणि घड्याळ पाहिलं.

"ती मी कामावर असताना खाल्ली," ते ग्वोझ्देनला म्हणाले. "आता माझी जेवणाची सुट्टी आहे. कूम, एक तुम्ही करा."

ग्वोझ्देनने चेदोमिरच्या हातातून चिमटा घेतला. "नोकरी नाही हं ही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मास्तरांना जरा मदत करतोय."

तेव्हापासून ग्वोझ्देन रोज सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत, रविवार सोडून, चेदोमिरला मदत करतो. उत्पादन विभाग प्रमुखाविना ठेवता येत नाही, म्हणून चेदोमिरलाही तिथे स्टुलावर पुस्तक घेऊन बसावं लागतं. त्याच्या कोटाला धुराचा वास येतो आणि गल्लीतली कुत्री त्याच्यामागे घरापर्यंत चालत येतात. ऑगस्टमध्ये त्याने आठ दिवस बहिणीकडे जायचं ठरवलं आणि रीतसर रजेचा अर्ज लिहून मनुष्यबळ विभागाकडे, म्हणजे जेवणाच्या टेबलावर, ठेवला. संध्याकाळी अर्ज परत आला. पर्सिदाने त्यावर लिहिलं होतं: 'रजा नामंजूर. यांच्यावाचून ठेला चालणार नाही.'

चेदोमिरने ते दोनदा वाचलं. मग आपल्याला यायला जमणार नाही असं बहिणीला कळवलं, आणि अर्ज चौकटवाल्याकडे काच बसवायला टाकला.